चार सुताची पटाशी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर पाच पटाश्या मांडल्या जातात. यजमान बँकेत होते, मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. तेव्हा घरातले हत्यार म्हणून दुसरे मांडणार तरी काय? एका वर्षी मुलाने आपला लॅपटॉपही शेजारी ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू लागले. शेजारच्या कानडी घरातल्या बाई त्यांची आयुधपूजा आटोपून प्रसाद द्यायला येतात, पाटाकडे बघतात आणि विचारतात, "ई उळी यारदु?" ही पटाशी कुणाची? मी सांगते, "अप्पांच्या आहेत." इतकी वर्षे हेच सांगत आले. यंदा मात्र हे उत्तर अपुरे वाटले, म्हणून हे लिहायला बसले.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण उठताबसता म्हणतो. टाकी पाथरवटाची. सुताराच्या पटाशीचे नाव मात्र आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. ज्या दारातून आपण आत-बाहेर करतो त्या दाराची बिजागरी जिथे बसते, तिथली खाच पटाशीचीच. पण पल्ला बसला की ती झाकून जाते.

अप्पांचा सुतारकामाचा कारखाना शहापूरला होता. कारखाना म्हणायचे एवढेच. कौलारू पडवी, दोन ठोकळे, चार माणसे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानातले, आणि वस्ती विणकरांची. त्यामुळे निम्मे काम हातमागांचे आणि उरलेले दारे-चौकटींचे. लाकूड खानापूर, दांडेली भागातले. हिशेब मराठीत, लाकडाची घासाघीस कानडीत आणि भांडण दोन्हींत. अप्पांच्या बरोबरीने काम करणारे मेस्त्री कानडी होते. त्यांना सगळे बडिगेरच म्हणत. बडिगेर म्हणजे सुतार, आणि आडनावही तेच. आम्ही मुले त्यांना बडिगेरमामा म्हणायचो आणि ते मला 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, मराठीत तंगी म्हणजे पैशाची चणचण. "आमच्या घरात दोन्ही आहेत," असे आई म्हणायची.

मी दहा वर्षांची असेन, म्हणजे १९६६ चा सुमार. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळा सोडून तो कारखान्यात बसू लागला होता. हाताला जोर होता, नजर चांगली होती, पण धार लावायला बसवले की त्याचा जीव वर-खाली होई. दगडावर दहा वेळा ओढून तो उठायचा. पटाशी हातात खालीवर झुलली की धार गोल होते. वरून चकचकीत दिसते, पण लाकडात शिरत नाही, घसरते. एका दुपारी अप्पांनी त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि मला हाक मारली.

"चंदन उगाळतेस ना सहाणेवर?"

"हो."

"तसेच बसायचे. फक्त गोल फिरवायचे नाही. सरळ पुढे, सरळ मागे. आणि मनगट हलवायचे नाही."

धार लावायच्या दगडाला कानडीत साणेकल्लु म्हणतात. सहाण आणि साणे ही एकाच घरातली भावंडे असणार, हे कानालाच कळते. मराठीने तिला देवघरात नेऊन चंदनासाठी ठेवले, कानडीने कारखान्यात ठेवले. मी सकाळी देवघरातल्या सहाणेवर बसायची आणि शाळेतून आल्यावर पडवीतल्या.

धार लावायची तर आधी हत्यार ओळखावे लागते. अप्पा म्हणत, पटाशीला पहिल्यांदा विचारायचे की बाई, तू मार खाणारी की न खाणारी? सगळी निवड इथून सुरू होते.

साधी पटाशी मार खाणारी. पाते सपाट, कडा चौकोनी, अंग जाड. बिजागरीची खाच पाडणे, सांध्यावरचा जास्तीचा भाग उडवणे अशी रोजची कामे तिची. मोगरीच्या ठोक्याने मूठ फुटू नये म्हणून मुठीच्या डोक्याला लोखंडी शेंबी असते. हिची मापे सुतात. इंचाचे आठ सूत, तेव्हा अर्ध्या इंचाची ती चार सुताची. पुढे मी शाळेत शिक्षिका झाले, मुलांना सेंटिमीटर शिकवले, पण पटाशी माझ्या तोंडी आजही चार सुताचीच आहे.

किंकरे हे त्याहून जास्त मार खाणारे. रुंदी कमी आणि जाडी जास्त. तीन सूत रुंद किंकऱ्याची जाडी चार-पाच सूतसुद्धा असते. खोबण खोल पाडताना पाते आतल्या आत पिरगळू नये आणि तळाशी तरफेसारखे दाबून ढलपी उचलताना मोडू नये, म्हणून ही जाडी. कूस आणि खोबण यांच्या सांध्यात खोबणीची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. दाराचा पल्ला सव्वा इंचाचा, म्हणजे दहा सूत. मग किंकरे तीन सुताचे घ्यायचे. म्हणजे खोबणीची रुंदी हत्यारच ठरवते, पुन्हा मोजायला नको. हातमागाला तर हा सांधा चोख लागतो. फणीच्या प्रत्येक ठोक्याला सांगाडा हादरतो. दिवसभर हजारो ठोके. सांधा केसाएवढा सैल असला तर वर्षभरात माग खिळखिळा होतो आणि कापडात ते दिसते.

तिसरी उतरत्या कडांची. तिच्या दोन्ही बाजू वरून तासून पातळ केलेल्या असतात, म्हणून ती अडचणीच्या कोपऱ्यात शिरते. ड्रॉवरचा डव्हटेल सांधा, ज्याचे दात कबुतराच्या शेपटीसारखे पसरट असतात, त्या दातांच्या कोपऱ्यातले लाकूड हिच्याशिवाय निघत नाही. हिला ठोकायचे तर बेताने.

चौथी हातपटाशी. लांब, पातळ, लवचीक. हिला मार बिलकूल द्यायचा नाही. दोन्ही हातांनी धरून, खांद्याचा भार देऊन, कागदासारखी पापुद्री काढायची. अप्पांची हातपटाशी कारखान्यात कुणी मागितलेली त्यांना खपत नसे.

आणि पाचवी गोल पटाशी. हिच्यात पुन्हा दोन जाती. उतार बाहेरच्या अंगाला असेल तर ती खोलगट कोरायची, लाकडी परातीसारखी. उतार आतल्या अंगाला असेल तर गोल कड उभी, सरळ तासायची. दोघी दुरून एकसारख्या दिसतात. चुकीची उचलली तर एक लाकडात बुडते आणि दुसरी वर सुटते.

बडिगेरमामांना या सगळ्या उळीच. नुसते "उळी कोडु" म्हणायचे आणि हात पुढे करायचे. कोणती ते मी त्यांच्यासमोरच्या लाकडाकडे बघून ओळखायचे. चुकले तर ते काही बोलत नसत, हात तसाच पुढे ठेवत. त्या उघड्या हाताने मला जेवढे शिकवले तेवढे पुढे ट्रेनिंग कॉलेजातल्या पुस्तकांनीही शिकवले नाही.

आता धारेविषयी. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. त्यामुळे उताराइतकीच पटाशीची पाठ महत्त्वाची. नवी पटाशी आली की मी आधी तिची पाठ दगडावर घासून आरशासारखी करायची, मगच उताराला हात लावायचा. उतार किती ठेवायचा याचा अप्पांचा नियम साधा होता. मार खाणारीला उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट. हाताने चालणारीला अडीचपट. शिक्षिका झाल्यावर एकदा सुट्टीत माहेरी आले असताना मी कोनमापक लावून पाहिले. दुप्पट म्हणजे बरोबर तीस अंश, अडीचपट म्हणजे चोवीसच्या आतबाहेर. चौथी शिकलेल्या माणसाने भूमिती सुतात बसवली होती. उतार लांब ठेवला तर धार तल्लख येते पण ठोक्याने तिचे तुकडे पडतात. आखूड ठेवला तर टिकते पण लाकूड कापण्याऐवजी चेचते. किंकऱ्याला तर अप्पा दुपटीहून थोडा आखूडच ठेवायला लावीत.

उतार घासत गेले की पाठीच्या बाजूला बारीक खरखर लागते. तिला आम्ही 'तार' म्हणत असू. तार पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे समजायचे की दगड धारेपर्यंत पोचला. मग बारीक दगड, मग पाठ एकदा सपाट ठेवून तार काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार हात. परीक्षा अंगठ्याच्या नखावर. हलकेच टेकवली आणि घसरली तर परत दगडावर. चिकटून राहिली तर झाली.

चाकावर धार लावायची घाई केली आणि टोक निळे पडले की अप्पांचा आवाज चढे. निळे पडले म्हणजे पोलादाचे पाणी गेले. लोहार पटाशी लालबुंद तापवून विझवतो तेव्हा ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा हलकी तापवून गवती पिवळ्या रंगावर आणतो, तेव्हा ती कडकही राहते आणि मोडतही नाही. पिवळ्याच्या पुढे निळ्यापर्यंत गेली की मऊ. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. आमच्याकडच्या बऱ्याचशा पटाश्या लोहाराने लॉरीच्या कमानपाट्यांतून नाहीतर जुन्या कानशींतून घडवलेल्या. दोन मात्र विलायती होत्या, शेफील्डचा छाप असलेल्या. अप्पांना त्यांचे फार कौतुक. पुढे वाचनात आले की आपल्या दक्षिणेतल्या जुन्या पोलादाला इंग्रज 'वुट्झ' म्हणत, आणि तो शब्द कानडी 'उक्कु', म्हणजे पोलाद, यावरून आला असे मानतात. हे बडिगेरमामांना सांगायला हवे होते. पण तोवर ते नव्हते.

सागवान दिसायला मऊ, पण त्याच्या अंगात वाळूचा बारीक अंश असतो. दोन दारे झाली की धार बसते. त्यामुळे मला काम कधी कमी पडले नाही. दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, १९७७ पर्यंत, कारखान्यातल्या एकूण एक पटाशीची धार माझी होती. हाताच्या रेषांत काळे पाणी मुरायचे. बघायला पाहुणे येणार असले की आई आदल्या रात्री लिंबाच्या साली घेऊन माझे हात घासत बसायची.

आणि आता जे सांगायचे आहे ते. एकदा चार माग एकदम करून घेणारे एक मोठे गिऱ्हाईक आले होते. त्यांनी सांधे पाहिले, ठोकळ्यावरची पटाशी उचलून नखावर लावली आणि म्हणाले, "धार झकास हो! कोण लावतो?" मी पडवीच्या कुडाआड दगडावरच होते. अप्पा म्हणाले, "आमच्या थोरल्याने लावलीय." दादा तिथेच उभा होता. काही बोलला नाही. त्या दिवसानंतर कुणीही विचारले की उत्तर तेच. मी आईला विचारले. ती म्हणाली, "मुलीचे हात लोखंडात आहेत असे गावभर झाले तर कुणी करून घेईल का तुला?" अप्पांनी माझ्या भल्यासाठीच ते केले असेल. पण मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि मला ते लागले. एक बडिगेरमामा तेवढे सगळ्यांच्या देखत पटाशी नखावर लावून कुडाकडे बघत म्हणायचे, "छलो ऐती, तंगी." चांगली आहे. बस, एवढेच. पण नाव घेऊन.

मला मोगरी मात्र कधी हातात मिळाली नाही. मागितली तेव्हा अप्पा म्हणाले, "नको. बोट जाईल."

अप्पा १९९८ साली गेले. तीन वर्षांनी भावांनी वाटण्या केल्या आणि मला हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावले. मी सही केली. तशी रीतच होती, आणि मला कशाची ददात नव्हती. सही झाल्यावर म्हटले, "मला पटाश्यांचा खोका द्या." धाकटा हसला. दादा म्हणाला, "तुला कशाला गं?" पण आत गेला आणि घेऊन आला. खोका नव्हताच. कारखान्यात प्लायवूड आले होते, खाचा पाडायला विजेचे यंत्र आले होते. पटाश्या रंगाच्या एका रिकाम्या डब्यात पक्कड-पान्ह्यांबरोबर पडल्या होत्या. पाच निघाल्या. चार सुताच्या पटाशीचा कोपरा उडालेला, कुणीतरी तिने डब्याची झाकणे उघडली होती. अप्पांच्या हातपटाशीच्या मुठीवर हातोड्याचे वण होते. दादाने डब्याबरोबर दगडही आणून ठेवला. मधोमध खोल खळगा पडलेला. तो खळगा माझाच.

पुढची तेरा वर्षे ते सगळे माळ्यावर होते. २०१४ साली निवृत्त झाले, त्या पावसाळ्यात खाली काढले. खळगा असलेल्या दगडावर धार सरळ येत नाही, म्हणून आधी दगडच फरशीवर वाळू आणि पाणी घालून आठ दिवस घासला. मग चार सुताची घेतली. उडालेला कोपरा जाईपर्यंत टोक मागे घ्यावे लागले. दोन सुतांएवढी पटाशी पाण्यात गेली. पण नखाला चिकटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी हात सगळे विसरलेले नव्हते.

मग वाटले, आता मोगरीही घ्यावी. फणसाच्या फळीचा एक चौरंग करायचा ठरवला. चार पाय, चार पट्ट्या, आठ खोबणी. धार इतकी उत्तम असताना काय अवघड आहे, अशा तोऱ्यात किंकरे बरोबर रेघेवर ठेवून ठोका दिला आणि पहिली खोबण बिघडली. पटाशीचे टोक पाचरीसारखे असते. एका बाजूला उतार, दुसरी सपाट. ठोका बसला की उताराकडचे लाकूड तिला मागे रेटते आणि ती रेघ ओलांडून जाते. म्हणून दोन्ही टोकांना रेघेच्या आत थोडे लाकूड राखायचे, मधून सुरुवात करून दोन-दोन सुतांवर घाव घालत जायचे, निम्मी खोली एका बाजूने आणि निम्मी दुसऱ्या बाजूने, आणि राखलेला भाग सगळ्यात शेवटी हाताने तासायचा. हे सगळे मी हजार वेळा पाहिले होते. पाहणे आणि हाताला येणे यांत किती अंतर आहे ते आठव्या खोबणीपर्यंत कळले. दादा हे काम उभ्याउभ्या, गप्पा मारत करायचा. मनात इतकी वर्षे त्याच्यावर एक रुसवा होता. पण त्याच्या हाताची किंमत मीही कधी केली नव्हती.

हल्ली कुणी हौशी पोरे विचारतात, पटाश्या कोणत्या घेऊ? मी सांगते, बारांचा संच घेऊ नका. दोन, चार आणि आठ सुताच्या तीन घ्या आणि खोबणी पाडायच्या असतील तर एक तीन सुताचे किंकरे. चकाकी बघू नका. पाठ सपाट आहे का, मूठ आणि पाते एका रेषेत आहेत का, शेंबी घट्ट आहे का ते बघा. जुन्या बाजारात मिळाली आणि पाते पुरेसे लांब उरले असेल तर नव्यापेक्षा ती बरी. मात्र टोक निळे नको आणि पाठीवर गंजाचे खड्डे नकोत. आणि पटाश्यांइतकाच खर्च दगडावर करा.

गेल्या वर्षी दादा घरी आला होता. आता चालताना काठी लागते. त्याने चौरंग उलटा केला, खोबणीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "ही सैल आहे." पहिलीच ती. मी काही बोलले नाही. मग त्याने चार सुताची उचलली आणि अंगठ्याच्या नखावर टेकवली. बराच वेळ तशीच धरून बसला.

"अप्पांनी तुझे नाव कधी घेतले नाही," तो म्हणाला.

"हो."

"मीही नाही घेतले. लोक शाबासकी द्यायचे ना, बरे वाटायचे."

चहा झाला, तो गेला. पुढे काही बोलणे झाले नाही आणि मी काढलेही नाही.

आठ दिवसांनी भाचा वर्तमानपत्रात गुंडाळलेले ओझे घेऊन आला. सात पटाश्या, सगळ्या बोथट. "आत्या, बाबांनी सांगितलंय, उतार दुप्पट ठेव. आणि एक बंगला आहे, गिऱ्हाइकाला कूस-खोबणीचीच दारे हवीत, तर सोमवारपर्यंत होतील का?" मी म्हटले, "होतील. पण मजुरी पडेल." तो हसू लागला. मी हसले नाही तेव्हा थांबला.

सोमवारी नेल्या त्याने. संध्याकाळी फोनवर पैसे आले. कशाबद्दल ते लिहायची तिथे जागा असते. त्यात लिहिले होते, 'धारेची मजुरी, आत्या'. रक्कम मात्र दादाने बाजारभावापेक्षा कमीच दिली आहे. त्याबद्दल भाऊबीजेला बोलणार आहे.